सात कापांचं वाण

रायपूरच्या गोलबाजारातल्या शालिग्रामभैयांच्या किराणा दुकानात मंजिरी खिरवडकरनं काउंटरवर साबणाची वडी अशी आपटली, की शेजारच्या बरणीतल्या लिमलेटच्या गोळ्या उडाल्या.

"जागा नाही म्हणजे काय? एवढं मोठं दुकान, अन् एका वडीले जागा नाही?"

शालिग्रामभैया हलले नाहीत. त्यांच्या घराण्यानं तीन पिढ्या ब्राह्मणपारा या वस्तीतल्या मराठी घरांना पोहे, हिंग आणि महालक्ष्म्यांचं सामान विकलेलं. मराठी बायकांच्या आवाजाची त्यांना सवय होती, आणि मोडकंतोडकं मराठीही येत होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वडी उचलली, वास घेतला, उलटी करून पाहिली.

"दीदी, रोज कोणी ना कोणी येते. बचत गटवाली. पापड, फिनाइल, अगरबत्ती. सगळ्यांचा माल चांगला. सगळ्यांजवळ मंत्रीजीसोबत फोटो. मी ठेवतो. सहा महिने धूळ खातो. मग मीच फेकतो, अन् पाप मलेच लागते."

"माझ्याजवळ फोटो नाही."

"तब तो और मुश्किल," भैया हसले. मग त्यांनी मागच्या फळीकडे बोट केलं. गिऱ्हाइकाच्या बरोबर डोळ्यांसमोर येणारी, दुकानातली सगळ्यात मोक्याची फळी. संक्रांत दोन दिवसांवर आलेली, त्यामुळे तिच्यावर सगळं वाणाचं सामान: प्लॅस्टिकच्या चाळण्या, स्टीलच्या वाट्या, कंगवे, रुमाल. "रथसप्तमीपर्यंत ही फळी तुमच्याच लोकांची. सप्तमी झाली की रिकामी. तिच्यावर एक वीत जागा देतो. पण आधी वीस बाया आल्या पाहिजेत, नाव घेऊन मागणाऱ्या. 'वो काला वाला साबुन' नाही चालणार. घरच्या नाही, गटाच्या नाही."

"वीस काय, चाळीस आणते!"

"वीस बस." भैयांनी एका खोक्याचं झाकण फाडलं, त्यावर पेननं 'टोरावडी' लिहिलं आणि ते खिळ्याला टांगलं. "इथं रेघा मारतो. सप्तमीले मोजू."

मंजिरी बाहेर पडली, स्कूटीला किक मारली आणि मालवीय रोडवर आल्यावर तिच्या लक्षात आलं की वीस अनोळखी बायकांकडून साबणाचं नाव कसं वदवून घ्यायचं, याची तिला काडीचीही कल्पना नाही. तिचं हे नेहमीचंच होतं. आधी तोंड पुढं जायचं, डोकं मागून धापा टाकत यायचं.

पण त्या तोंडानंच तिला इथवर आणलं होतं, हेही खरं. सत्तेचाळीस वर्षांची बाई, बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलेलं, नवरा उदय पाटबंधारे खात्यात कारकून. "आप महाराष्ट्र से आई हैं?" असं कुणी विचारलं की ती फणकारायची, "आमचे लोक नागपूरकर भोसल्यांच्या वेळेस इथं आले. तेव्हा तुमचं स्टेशनसुद्धा नव्हतं!" पाच वर्षांपूर्वी तिनं आपल्या हळदीकुंकवाला नवरा असलेल्या-नसलेल्या सगळ्या बायकांना बोलावलं, तेव्हा अर्धा पारा तिच्याशी बोलेना. दुसऱ्या वर्षी तोच अर्धा पारा मुकाट्यानं येऊन तिळगूळ घेऊन गेला.

त्यानंतरचं तिचं प्रकरण बाटल्यांचं. रायपूरच्या गच्चीवर सकाळी कपडे वाळत घातले की दुपारी त्यांवर काळी भुकटी बसते. पाय टेकला तर काळा, फरशी पुसली तर फडकं काळं. सगळे बोलतात, मंजिरीनं साठवलं. रोज सकाळी गच्चीतला एक ठरावीक चौकोन झाडायचा, धूळ औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरायची, वर तारीख चिकटवायची. नव्वद दिवस. त्या नव्वद बाटल्या तिनं प्रदूषण खात्याच्या एका साहेबाच्या टेबलावर रांगेत मांडल्या. साहेबानं विचारलं, "ये काजल है क्या?" मंजिरी म्हणाली, "जी. आप ही के शहर का है. लगा लीजिए." दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, पाऱ्यात 'बाटलीवाली बाई' हे नाव पडलं, आणि नव्या भाडेकरूंना वाटायचं की ही दारूबंदीवाली असावी. त्या बाटल्या म्हणजे जाहिरातच होती. तिला मात्र तेव्हा तो शब्द सुचला नव्हता.

बाटल्यांच्या निमित्तानंच ती कारखान्यांच्या बाजूच्या भनपुरीला पोचली आणि तिथं तिला बिसाहिन भेटली. बिसाहिन सिलतऱ्याच्या कारखान्यांकडे कोळशाच्या गाड्या रिकाम्या करायला जायची, ठेकेदाराच्या टोळीत. संध्याकाळी कोपरापर्यंत काळे हात घेऊन यायची, नळावर बसायची, एका कळकट गोळ्यानं घासायची, आणि पाच मिनिटांत हात गव्हाळ. मंजिरी पाहतच राहिली. मोहाच्या बियांना इकडं टोरा म्हणतात. त्या टोराचं तेल, सोड्याचं पाणी आणि धानाच्या तुसाची बारीक चाळलेली राख. बिसाहिनच्या सासूची कृती.

"हे तू विकत काहून नाही?"

"कोन लिही, दीदी?" बिसाहिन म्हणाली. कोण घेणार?

झालं. 'कोण घेणार' हा प्रश्न मंजिरीला कधी सहन होत नसे. दोन महिन्यांत एका टिनाच्या शेडमध्ये आठ बायकांचं काम उभं राहिलं. साचे आले, तारेनं वड्या कापायला लागल्या, महिनाभर सुकवून पिवळ्या कागदात गुंडाळायला लागल्या. आठही जणींनी कोळशाची टोळी सोडली ती मंजिरीच्या शब्दावर. आणि आता आठवडी बाजारात लोक एकदा कीव म्हणून घेत होते, दुसऱ्यांदा येत नव्हते. गेल्या आठवड्यात बिसाहिननं न रागावता, न रडता सांगून टाकलं होतं, "दीदी, सप्तमीच्या दुसऱ्या दिवशी ठेकेदार नवी टोळी भरतो. तोवर दुकानात नाही लागली वडी, तर आम्ही जातो." म्हणून ती फळीवरची एक वीत. बाकी मंजिरीला साबणाचं काही वेड नव्हतं.

जाहिरात म्हटल्यावर आधी तिनं भाच्याला बोलावलं. सार्थक पुण्याहून नवा रायपूरच्या एका जाहिरात कंपनीत आलेला, शर्टाची वरची दोन बटणं उघडी. त्यानं लॅपटॉप उघडला.

"मावशी, आपण स्टोरी विकायची. ग्रामीण स्त्री, तिचा संघर्ष, तिचं हास्य. वडी कापताना हसणारी बिसाहिन, मागे सूर्योदय."

"ती वडी कापताना हसत नाही. तार असते हातात. बोट जाईल."

"ते प्रतीकात्मक असतं गं."

"बोट पण प्रतीकात्मक जाते काय?"

राधा, मंजिरीची कॉलेजात जाणारी मुलगी, सोफ्यावरच लोळून हसली. तिला मराठी सगळं कळायचं, बोलायची हिंदीत. "भैया, आप हार जाओगे. मम्मी ने नब्बे बोतल भरी थीं."

सार्थकनं लॅपटॉप मिटला, चहा प्याला आणि जाताना चप्पल घालता घालता एक वाक्य टाकून गेला. "खरं सांगू का मावशी, नवीन काही शोधायला जाऊ नकोस. लोक आधीपासून जे करतात, त्यात शिरायचं. आमच्याकडे त्याचेच लाखो रुपये घेतात."

लोक आधीपासून जे करतात! मंजिरीचे डोळे चमकले. सप्तमीपर्यंत पाऱ्यातली प्रत्येक बाई काय करणार होती? हळदीकुंकू! आणि प्रत्येक हळदीकुंकवाला वाण! फुकट नमुना वाटायची रीत कंपन्यांनी आत्ता शोधली, आपल्याकडे ती पणजीपासून आहे! त्या संक्रांतीला मंजिरीच्या घरी चौसष्ट बायका आल्या, आणि चौसष्ट जणींच्या हातावर तिनं पिवळ्या कागदातली टोरावडी ठेवली. ब्राह्मणपारा, तात्यापारा, पार शंकरनगरपर्यंत चौसष्ट घरं. रात्री झोपताना ती उदयला म्हणाली, "वीस तर उद्याच होते."

उदय म्हणाला, "हं." तो असंच म्हणायचा.

उद्या कुणी आलं नाही. परवा नाही. दहा दिवसांनी ती दुकानात गेली तेव्हा पुठ्ठ्यावर दीड रेघ होती.

"ही अर्धी कायची?"

"एक बाई टोराचं तेल मागायला आली होती," शालिग्रामभैया गंभीरपणे म्हणाले. "मी म्हटलं, दीदीचं दिल ठेवू."

मंजिरीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी चष्मा खाली ओढून उगाच वजनकाटा पुसायला घेतला.

त्याच संध्याकाळी तात्यापाऱ्यात सुजाताकाकूंकडे हळदीकुंकू होतं. सुजाताकाकू म्हणजे बहात्तर वर्षांचा दरारा. रायपुरातल्या मराठी बायकांमध्ये त्यांनी 'छान' म्हटलं की छान, आणि नाक मुरडलं की संपलं. मंजिरी उतरल्या तोंडानं गेली, हळदकुंकू लावून घेतलं, ओंजळ पुढं केली. काकूंनी तिळगूळ दिला, आणि वर वाण ठेवलं.

पिवळा कागद. कोपऱ्यावर मंजिरीच्याच हातचा डिंकाचा डाग.

"काकू!" मंजिरीचा आवाज चढला. "ही तर माझी वडी! मीच दिली ना तुम्हाले?"

 सुजाताकाकू जराही वरमल्या नाहीत. "तू कुठं दिली? मले तर जोशांच्या सुनेनं दिली."

जोशांची सून भिंतीकडे पाहायला लागली. "मले... मले दाणीवहिनींकडे मिळाली."

"म्हणजे कोणी वापरलीच नाही?"

"अवं, वाण कोणी वापरते काय?" काकूंनी कपाळावर हात मारला. "वाण ठेवायचं असते, अन् पुढं द्यायचं असते. चाळीस वर्षं झाली, मी एक चाळणी विकत नाही घेतली अन् एक वापरली नाही!"

हशा असा उसळला की पंखा डगमगल्यासारखा वाटला. मंजिरी हसली नाही. कानशिलं तापलेली, ती स्कूटी दामटत घरी आली आणि सरळ बेडरूममधल्या कपाटाशी गेली. वरच्या खणात तिचा स्वतःचा वाणाचा डबा होता. तिनं तो पलंगावर उपडा केला. सात चाळण्या. चार कंगवे. रुमालांचा गठ्ठा. स्टीलच्या वाट्या. एक वाटी उचलून ती उलटी करते, तर बुडाला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली इवलीशी अक्षरं: मं. खि. सहा वर्षांपूर्वी तिनं डझनभर वाट्या आणल्या होत्या. भांडेवाल्यानं सवयीनं नाव घातलं होतं, तिनंही न पाहता वाटल्या होत्या. त्यातली ही एक. कुठकुठं फिरून आली होती कोण जाणे, आणि तिनंही न पाहता डब्यात टाकली होती, पुढं द्यायला.

तिला आधी राग आला, मग हसू फुटलं, आणि मग एकदम अंगावर काटा आला.

"राधा! ए पोट्टी, इकडं ये!"

"क्या हुआ?"

"ही वाटी सहा वर्षं फिरून राहिली, कोणी थांबवली नाही! पोस्टाची चिठ्ठी हरवते, पण वाण हरवत नाही! अन् मी बावळट, बायांले म्हणून राहिले की ठेवून घ्या. ठेवायचंच नाही! फिरू द्यायचं!"

"पर मम्मी, घूमता रहेगा तो यूज़ कौन करेगा?"

मंजिरी खोलीत येरझाऱ्या घालायला लागली. वडी हातात, अंगठा तिच्यावर फिरतोय. पुढं तर जायला हवी, आणि वापरली तर संपते. संपली तर जाईल कशी? वापरूनही पुढं जाईल अशी... तिचा अंगठा थांबला. नखानं तिनं वडीवर एक आडवी खाच मारली. मग दुसरी. सहा खाचा, सात काप.

"एक काप ठेवा, नाव लिहा, बाकी पुढं द्या," ती हळूच म्हणाली. आणि मग ओरडलीच, "सात घरं! रथसप्तमीचे सात!"

राधा पळत जाऊन कागद-पेन घेऊन आली. आईचा असा चेहरा तिनं बाटल्यांच्या वेळी पाहिला होता.

सकाळी भनपुरीच्या शेडमध्ये बिसाहिननं खाचा असलेली वडी हातात घेतली, उलटसुलट केली, आणि साच्यातल्या वडीवर तार ठेवून सहा सारख्या खाचा पाडून दाखवल्या. चांगल्या सुकलेल्या वीस वड्या निवडल्या. प्रत्येकीवर राधाच्या अक्षरातली पट्टी: सात रिकाम्या ओळी, वर तीन वाक्यं. एक काप तुमचा. नाव लिहा. बाकी पुढच्या घरी. आणि खाली ठळक: पुढची टोरावडी शालिग्रामभैयांकडे, गोलबाजार.

"दीदी, उहाँ तो माल ही नइ हे," बिसाहिन म्हणाली.

"नसू दे. त्यांलेच विचारतील ना बाया."

बिसाहिननं तिच्याकडे रोखून पाहिलं. त्या महिन्यात पहिल्यांदा तिच्या ओठांचा कोपरा हलला. सार्थकचा सूर्योदय मात्र मागे नव्हता, टिनाचा पत्रा होता.

सप्तमीला आठ दिवस उरले होते, आणि त्या संध्याकाळी मराठी मंडळाच्या सभागृहात सगळ्यांचं मिळून मोठं हळदीकुंकू होतं. मंजिरी पिशवी घेऊन पोचली. पहिली वडी तिनं मुद्दाम सुजाताकाकूंच्याच हातावर ठेवली. काकूंनी पट्टी वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचली.

"कापलेलं वाण? अवं, तुकडा तोडून उरलेलं दुसऱ्याले द्यायचं? उष्टं?"

 मंजिरीला कळलं, की काकूंचं नाक आता मुरडणार, आणि ते मुरडलं की वीस वड्या, आठ बायका, सगळं खलास. तिच्या जिभेवर एक सणसणीत उत्तर आलंही होतं. ते सोडलं असतं तर तीन दिवस पाऱ्यात त्याचीच चर्चा झाली असती आणि वड्या पिशवीतच राहिल्या असत्या. तेवढ्यात तिची नजर खाली गेली. हळदीकुंकवाला आलेल्या शंभरेक बायका, सगळ्यांच्या चपला दाराबाहेर. सभागृहाच्या पांढऱ्या फरशीवरून चाललेली शंभर जोडी पावलं, आणि प्रत्येक तळवा काळाकुट्ट. काकूंनी तर पायावर पाय टाकला होता. त्यांचा तळवा थेट तिच्यासमोर होता, गच्चीवरच्या बाटलीसारखा.

मंजिरी उत्तर गिळून गुडघ्यांवर बसली.

"राधा, परात आण. पाणी आण."

"हे काय करून राहिली?" काकू दचकल्या.

"सवाष्णीचे पाय धुते काकू. आपली रीत आहे ना? की तीही उष्टी?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. परात आली. मंजिरीनं पहिला काप मोडला, काकूंचा उजवा पाय पाण्यात घेतला आणि तळव्यावर फेस घासला. पाणी राखाडी झालं, मग काळं. राधानं तांब्यानं पाणी ओतलं. मंजिरीनं पदरानं पाऊल पुसलं आणि उठून उभी राहिली.

"झालं."

काकूंनी दोन्ही पाय समोर लांब केले. उजवा तळवा गुलाबी, बाळाच्या पायासारखा. डावा कढईच्या बुडासारखा. काकू पाहत राहिल्या. सगळं सभागृह वाकून पाहायला लागलं. मागच्या बायका खुर्च्यांवर चढल्या.

"अरे बाप्पा," काकू पुटपुटल्या. मग एकदम भानावर येऊन, "अवं मग दुसरा धू ना!"

"दुसरा घरी," मंजिरी म्हणाली आणि मोडलेला काप त्यांच्या हातावर ठेवला. "हा काप तुमचा. नाव लिहा, अन् बाकी पुढं द्या."

"अशी एका पायानं घरी जाऊ मी?"

"जा ना. कोणी विचारलं तर नाव सांगा. टोरावडी."

आता हसू आवरणं कुणालाच शक्य नव्हतं. बायकांनी आपापले तळवे वर करून एकमेकींना दाखवायला सुरुवात केली. "तुझा बघ, तुझा!" "माझा तर रस्ताच झाला आहे!" "आणि मी रोज या पायानं देवघरात जाऊन राहिले!" जोशांची सून पिशवीवर सगळ्यात आधी झेपावली. राधा ओरडत होती, "आँटी, लाइन में! लाइन में!" सुजाताकाकूंनी पेन मागितलं, पट्टीच्या पहिल्या ओळीवर झोकदार सही ठोकली, आणि वडी शेजारणीच्या हातावर आदळून म्हणाल्या, "घे. प्रसाद वाटून खातो ना आपण? मग? उष्टं कायचं!" जणू ही कल्पना त्यांनाच सुचली होती. मंजिरीनं ती त्यांनाच ठेवू दिली.

वीस वड्या निघाल्या. पण चार दिवस पुठ्ठ्यावरची दीड रेघ दीडच. पाचव्या दिवशी तीन. सहाव्याला पाच. वड्या अजून घरोघरी फिरत होत्या, हे मंजिरीला कळत होतं, पण सप्तमीचा मंगळवार काही तिच्यासाठी थांबणार नव्हता. सोमवारी शेडमध्ये बिसाहिननं आपला जुना गमछा धुऊन वाळत घातलेला तिला दिसला. कोळशावर जाताना डोक्याला बांधायचा. मंजिरीनं पाहिलं, बिसाहिननं पाहिलं की तिनं पाहिलं, आणि दोघी वड्या गुंडाळत बसल्या.

मंगळवारी सकाळी मंजिरी अंगणात सूर्यासाठी दूध उतू घालत होती. शेणीवर मातीचं बोळकं, दूध आता उतू जाईल की मग जाईल. तेवढ्यात फोन वाजला.

"दीदी! ये क्या लगा रखा है आपने?" शालिग्रामभैया ओरडत होते, आणि त्यांच्यामागे बाजार भरल्यासारखा कलकलाट. "माल कुठं आहे? माझ्या दुकानात साबण नाही, अन् माझं नाव छापून ठेवलं!"

"किती रेघा झाल्या?"

"रेघा? पुठ्ठा भरला! मागच्या बाजूनं लिहून राहिलो! साडेनऊपासून तीस झाल्या, मग मी मोजणं सोडलं! सगळ्या नाव घेऊन मागून राहिल्या! एक सिंधी टीचर आहे, एक बंगाली नर्स आहे, एक तर भिलाईहून आली! म्हणते, कल से एक ही पैर धुला है!"

मंजिरी बोटांवर शेडमधल्या सुकलेल्या वड्या मोजायला लागली. 

"अन् दीदी..." भैयांचा आवाज एकाएकी खाली आला. "आमची घरवाली वरच्या घरातून उतरली आत्ता. तिच्या हातात तुमची पट्टी. पाचवं नाव तिचंच. तीन दिवस झाले माझ्या घरात ये ही साबुन चल रहा है, और मुझे मालूम नहीं."

"पाय पाहा आपले, भैया."

पलीकडे चप्पल काढल्याचा आवाज. मग हळूच, "अरे, हव तो! खरंच की!"

दूध उतू गेलं. मंजिरीनं सूर्याला घाईघाईनं हात जोडले, राधाला हाक मारली, आणि दोघी ऑटोनं भनपुरीला निघाल्या.

शेडमध्ये सुकून तयार असलेल्या एकशे चाळीस वड्या होत्या. आठही जणींनी मिळून त्या खोक्यांत भरल्या. बिसाहिन खोकी उचलून ऑटोत ठेवत होती, आणि शेवटचं खोकं ठेवून मागं सरली.

"बस ना."

"मैं का करहूँ उहाँ?" मी तिथं काय करू?

"वडी कोणाची?" मंजिरी उसळली. "सासू कोणाची? हात कोणाचे? बस म्हटलं ना!"

बिसाहिन बसली.

दुकानासमोर खरंच गर्दी होती. मंजिरी खोकं छातीशी धरून काउंटरपाशी गेली. भैयांनी हात पुढं केला. तिनं खोकं दिलं नाही.

"वीस म्हटल्या होत्या. किती आल्या?"

"अरे दीदी, दो ना!"

"एक वीत म्हटलं होतं. आता अख्खी फळी. डोळ्यांसमोरची."

"अर्धी."

मंजिरी वळून ऑटोकडे चालायला लागली.

"ले लो बाबा, पूरा ले लो!" भैयांनी स्वतःच्या हातानं चाळण्या आणि वाट्या खाली उतरवायला सुरुवात केली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"मी नाही लावणार," मंजिरी म्हणाली. तिनं बिसाहिनला दंडाला धरून काउंटरच्या फळकुटाखालून आत घातलं. "ही लावेल."

बिसाहिन दुकानाच्या आतल्या बाजूला उभी राहिली. आयुष्यभर ती काउंटरच्या बाहेरून मीठ मागत आली होती. तिनं पदर कमरेला खोचला, फळी हातानं पुसली, हात पाहिला, बोटं काळी, आणि ती पुन्हा पुसली. मग एकेक वडी लावायला लागली, खाचा पुढं, पिवळा कागद मागं, अंतर सारखं.  मान न वळवता म्हणाली, "दीदी, वो गमछा काम आ जाही. पोंछे बर." कोळशावरचा गमछा आता पुसायला कामी येईल.

सार्थकचा फोन येत होता. राधानं त्याला व्हिडिओ पाठवला होता, आणि त्याला ऑफिसात दाखवायला सगळी हकीकत हवी होती. मंजिरीनं फोन कापला.

फळी भरली तेव्हा गर्दीतून एक नवीन बाई पुढं आली. उंच टाचांची सँडल, खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात कसली पट्टी नाही. तिनं एवढ्या बायका कशासाठी जमल्यात ते पाहिलं, फळीवरची वडी पाहिली.

"ये क्या चीज़ है? काम करता है?"

शालिग्रामभैयांनी तोंड उघडलं. मंजिरीनंही उघडलं, तिचं तर कायम उघडंच असायचं. पण त्या दोघांच्या आधी काउंटरच्या आतून आवाज आला, ठणठणीत, सगळ्या गोलबाजाराला ऐकू जाईल असा.

"बहिनी," बिसाहिन म्हणाली, "सँडल उतार."